ग्रीक शेपटीचे डॉक्टर

खरं दुखणं मराठीत लिहायचं आणि खोटं ग्रीकमध्ये, हा आमच्या डॉक्टरांचा नियम होता. तो मला कळायला दीड वर्ष लागलं. तोवर मी कंपाउंडर म्हणून कागदावर दिसेल ते वाचत होतो आणि मुकाट्याने बाटल्या भरत होतो. 'हिवताप' लिहिलेला असला की कोयनेल. 'मुदतीचा ताप' असला की पथ्याचा कागद आणि देवाचं नाव. पण एखाद्या बाईच्या कागदावर 'मायलायटिस' असलं काही दिसलं की डॉक्टर आतून ओरडत, "लाल मिक्श्चर द्या हो! आणि कडू करा. गोड औषधावर सासवांचा विश्वास नसतो."

लाल मिक्श्चर म्हणजे बडीशेपेचा अर्क, चिमूटभर सोडा, रंग आणि हात सैल सोडून घातलेलं कडूजहर काडेचिराईत. त्याने कोणी मरणार नव्हतं आणि कोणी बरं होण्याचंही काही कारण नव्हतं. तरी बायका बऱ्या होत होत्या! मी खुळ्यासारखा चिराइताचे गुण शोधत बसलो होतो.

ही सन सत्तावीस-अठ्ठावीसची गोष्ट. रत्नागिरीत बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर चिऱ्याच्या दोन खोल्यांत आमचा दवाखाना होता. डॉक्टर उंच, वाळलेले, धोतरावर काळा कोट. विधुर होते. घरी कोणी नव्हतं, त्यामुळे त्यांना जेवणाची आठवण आम्ही करून द्यायची. छातीला लावायची नळी ते मिटलेल्या छत्रीत ठेवत. का, तर खिशात ग्रीक कोश असे. आता छत्री पावसासाठी असते हे रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाला कोणी सांगायचं? दर सरीला छत्री उघडायची, नळी डोक्यावर पडायची आणि डॉक्टर दचकून वर बघायचे. हे मी पन्नास वेळा तरी पाहिलं असेल. एकदाही त्यांना आधी आठवलं नाही.

तो कोश त्यांनी मुंबईला शिकत असताना जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललेला. अर्धी पानं वाळवीने खाल्लेली. उरलेल्या अर्ध्यावर त्यांचा संसार चालला होता. रोगी समोर कण्हत असला तरी डॉक्टरांना शब्द आठवला की कोश बाहेर निघे.

एकदा एक बागाईतदार दाढ धरून आला. गाल भोपळ्याएवढा सुजलेला. डॉक्टरांनी तोंडात बघितलं आणि विचारलं, "आयटिस म्हणजे काय, ठाऊक आहे?"

तो बिचारा काय बोलणार? तोंड उघडंच होतं.

"हल्लीचे डॉक्टर सांगतात, आयटिस म्हणजे सूज. साफ चूक! ग्रीकांकडे ती नुसती शेपूट होती. आपलं चा, ची, चे असतं ना, तसलीच. आर्थ्रॉन म्हणजे सांधा. नोसॉस म्हणजे व्याधी. आर्थ्रायटिस नोसॉस म्हणजे सांध्याची व्याधी. आता रोज रोज एवढं लांबलचक कोण बोलतंय? त्यांनी व्याधी गाळलीनी आणि नुसतं 'सांध्याची' ठेवलंनी. सूज मागाहून डॉक्टर लोकांनी चिकटवली."

बागाईतदार गाल धरून म्हणाला, "म्हणजे आपण म्हणतो ना डॉक्टर, अमकीला बाहेरचं झालंय. बाहेरचं काय ते कोण बोलत नाही. तसंच की!"

डॉक्टर उभेच राहिले. "अहो कंपाउंडर, ऐकलंत? मी सात वर्षं हा दाखला शोधत होतो!" त्यांनी त्या माणसाला मिठी मारली, हाताला धरून दारापर्यंत पोचवलं आणि रस्त्यावर उभं राहून टाटा केला. दाढ राहिली ती राहिलीच. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

ही शेपूट ते दिसेल त्याला लावत. दोन बागांमधल्या गडग्यावरच्या एका फणसापायी दोन सख्खे भाऊ वर्षानुवर्षं भांडत होते. दोघांनाही रात्रंदिवस छातीत धडधड. डॉक्टरांनी दोघांना वेगवेगळं तपासून एकच नाव सांगितलं, 'कोर्टायटिस', आणि चार महिने वकिलाचं तोंड बघायचं नाही असं पथ्य दिलं. पथ्य पाळतात कसले! उलट धाकटा बाजारात सांगत फिरला की थोरल्यापेक्षा माझा कोर्टायटिस जुना आहे. मुलाला मुंबईच्या बोटीत बसवून परत आलेल्या आया दोन दोन दिवस अन्नाला शिवत नसत, त्यांना 'बोटायटिस'. असली नावं नुसती गंमत म्हणून. पण ज्या कागदाने घरात काम करायचं असे, त्यावर शेपटीच्या पुढे अस्सल ग्रीक धड हवं. तिथे डॉक्टर चेष्टा खपवून घेत नसत.

हे मला कसं कळलं ते सांगतो. श्रावणात ओल्या लाकडांच्या धुराने माझी बायको खोकून खोकून हैराण झाली होती. आईच तिला दवाखान्यात घेऊन आली. कागद मिळाला, 'कॅप्नायटिस. आठ दिवस चुलीजवळ जाऊ नये.' आईने तो कागद माझ्या नाकासमोर धरला. "तू मोठा कंपाउंडर ना? काय आहे हे?"

मी म्हटलं, "जपायला हवं." दुसरं काय म्हणणार? मला तरी काय ठाऊक होतं!

दोन दिवस आईने रांधलंन. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझे गुडघे चालत नाहीत. दवाखान्यात औषधं ढवळतोस ना? मग घरी आमटी ढवळ." झालं! पुढचे सहा दिवस मी फुंकणी घेऊन डोळे चोळत बसलो होतो, आणि आमची मंडळी पलीकडच्या खोलीत आडवी पडून विचारत होती, "फोडणी जरा करपली का हो?"

आठ दिवस भरल्यावर मी दवाखान्यात खुंटीवरच्या कोटातून डॉक्टरांच्या नकळत कोश काढला. कॅप्नॉस म्हणजे धूर! तसाच आत गेलो. "डॉक्टर, हा रोग कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याही नाही," ते शांतपणे म्हणाले. "तिला धुराचं झालं होतं, मी धुराचं लिहिलं. पुस्तकात आहे ते मी मराठीत लिहितो, पुस्तकात नाही ते ग्रीकमध्ये. खोकला गेला ना?"

"गेला."

"मग तुम्हाला काय झालंय?"

मला काय झालं होतं ते माझ्या डोळ्यांवरून दिसतच होतं. पण मग ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "कंपाउंडर, ज्या दुखण्याला नाव नाही त्याला आपल्याकडे अंथरूण मिळत नाही. बाई दमली म्हणून कोणी निजू देतं का? कॅप्नायटिस म्हटल्यावर तुमच्या आईने दिलंन की नाही निजू?" त्या दिवसापासून मी लाल मिक्श्चरात चिराईत दुप्पट घालायला लागलो. जात्यावर दळून खांदे गेलेल्यांना मायलायटिस, कारण मायली म्हणजे जातं. विहिरीचं पाणी ओढून कंबर मोडलेल्यांना हायड्रायटिस. गावात कित्येक घरांत दुपारचा एक तास बायका आडव्या होऊ लागल्या आणि त्यामागची गोम कोणाला ठाऊक नव्हती.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि यमूचा दावा उभा राहिला.

यमू आमच्याच आळीतली. तिचे वडील पोस्टात कारकून. तिला खाडीपलीकडे पावस गावी दिली होती. नवरा मुंबईला नोकरीला, घरी सासरा, दोन दीर, आंब्या-नारळांची बाग, आणि सासू. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा मुलगी माहेरी आली ती भिंतीला धरून चालत. सतरा वर्षांची पोर, आणि हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि कोश उघडला.

"कंपाउंडर, ग्रीक लोक फार समजूतदार. बायकोच्या आईला त्यांच्याकडे एक शब्द आणि नवऱ्याच्या आईला दुसरा. हेकिरा!" आणि त्यांनी झोकात लिहिलं, 'हेकिरायटिस. सहा महिने माहेरची हवा. सासरी पाठवू नये.'

सहा महिने झाले, पुन्हा सहा महिने लिहिले. मग तिसरे सहा. मुलगी भरायला लागली, हसायला लागली, दवाखान्यासमोरून जाताना मला 'काय हो, आज किती कडू?' म्हणून विचारायला लागली. तिकडे तिच्या सासूचा, म्हणजे पावसच्या काकूंचा, धीर सुटला. त्यांनी मुलाकडून मुंबईहून वकीलपत्र पाठववलं आणि बायकोला नांदायला पाठवा म्हणून रत्नागिरीच्या कोर्टात दावा लावला. यमूच्या वडिलांकडे उत्तर म्हणून काय होतं? डॉक्टरांचे तीन कागद! समोरच्या वकिलाने ते मोठ्या सरकारी डॉक्टरांना दाखवले आणि त्यांनी सांगितलं की असला रोग जगात नाही.

यमूचे वडील दवाखान्यात येऊन बाकावर बसले. "डॉक्टर, ती परत गेली तर हा पावसाळा काढेल का हो?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. एवढंच.

ते गेल्यावर मी म्हटलं, "उद्या कोर्टात काहीतरी सांगा. हेकिरा म्हणजे आतडं म्हणा, पित्ताशय म्हणा! इथे ग्रीक कोणाला येतंय?"

"शपथेवर?"

"हो, शपथेवर! पोरीचा जीव जायची वेळ आली आहे!"

"शपथ घेऊन खोटंच बोलायचं तर मी वकील नसतो का झालो?" ते म्हणाले आणि कोश उघडून बसले. मी संतापून बाहेर गेलो आणि कारण नसताना सगळ्या बाटल्या पुन्हा धुतल्या.

कोर्टात माणूस मावत नव्हतं. आषाढाचे दिवस, बोटी बंद, गावाला दुसरा उद्योग नव्हता. कोर्टायटिसवाले दोघे भाऊ पहिल्या बाकावर. पावसच्या काकू मागच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, काटकुळ्या, पदर घट्ट लपेटलेला. भाट्याच्या खाडीवर तरीची होडी पकडून भिजत आल्या होत्या. जज्जसाहेब देशावरचे, सावकाश बोलणारे गृहस्थ.

वकिलाने विचारलं, "हेकिरायटिस म्हणजे काय?"

अरे देवा! विचारायला नको तेच विचारलंन. डॉक्टरांनी आर्थ्रॉनपासून सुरुवात केली. नोसॉस झालं, गळालेली व्याधी झाली, बाहेरच्या बाधेचा दाखला झाला. तो दाढेचा बागाईतदार मागून ओरडला, "तो मी सांगितलेला!" लोक हसू लागले. जज्जसाहेबांनी घंटी वाजवली आणि पुसलं, "डॉक्टर, धड म्हणजे काय ते सांगा. हेकिरा?"

"सासू, साहेब."

कोर्टात जो हशा उठला तो बंदरावर ऐकू गेला असेल. मी मात्र यमूच्या वडिलांकडे बघत होतो. त्यांनी डोळे मिटले होते.

"असा रोग पुस्तकात आहे?"

"नाही साहेब. नाव मी बनवलं. मुलगी दमली होती आणि अर्धपोटी होती, ते खरं."

"म्हणजे तुम्ही खोटे कागद दिलेत. मुलगी दमली आहे, तिला खायला मिळत नाही, असं सरळ मराठीत का लिहिलं नाही?"

"लिहिलं होतं साहेब," डॉक्टर म्हणाले.

हे मला नवीन होतं.

"पहिल्या वर्षी गणपतीला ती आली होती, तेव्हा मराठीत लिहून तिच्याच हाती सासरी पाठवलं होतं. तो कागद चुलीत गेला. ग्रीकमध्ये लिहिला तो दीड वर्ष टिकला." मग खाली बघून म्हणाले, "मी मुंबईला शिकत होतो तेव्हा माझी बायको माझ्या आईकडे होती. दमते, असं तिने मला पत्रात लिहिलं होतं. मी लिहिलं, दमणं म्हणजे काही रोग नव्हे. दिवाळीला घरी आलो तेव्हा ती नव्हती. मला त्या वेळी ग्रीक येत नव्हतं."

जज्जसाहेबांनी चष्मा पुसला. पण कायदा तो कायदा. तिन्ही कागद बाद. डॉक्टरांनी पुन्हा असला कागद स्वतःच्या हाताने लिहिला तर त्यांच्यावर कारवाई करू, अशी ताकीद. बोटी सुरू झाल्या की नवऱ्याने जातीने हजर राहावं, मग निकाल. बाहेर आल्यावर तो वकील छातीवर हात ठेवून सांगत होता की निकाल आपल्या खिशात आहे, पोर दसऱ्याच्या आत पावसला. आम्ही दोघे पावसातून दवाखान्यात परतलो. डॉक्टरांनी छत्री उघडलीच नाही.

अर्ध्या तासाने दारात पावसच्या काकू उभ्या. लुगड्यातून पाणी गळत होतं. मी मनात म्हटलं, आता ही बाई शिव्या द्यायला आली आहे, आणि दिल्या तर मीही चार देणार. मला तिचा इतका राग आला होता!

त्या बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "तो कागद मी पेटवणाला घेतला. मला वाचता येत नाही. मुलाला दाखवला होता, त्याने बघितलान सुद्धा नाही. काय होतं त्यात?"

डॉक्टरांना तो पाठ होता. तोंड फिरवून, भिंतीकडे बघत त्यांनी म्हणून दाखवला. "हिला पहाटे सगळ्यांच्या आधी उठावं लागतं. सगळे जेवल्यावर भांड्यात उरेल ते खाते. ताप असला तरी पाणी भरते. दिवसातून एकदाही पाठ टेकत नाही. कंबर दुखते, पण विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि विचारणारं कोणी नाही."

काकू ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "हे यमूचं आहे होय? मला वाटलं, माझंच सांगताय."

डॉक्टर वळले.

"माझी सासू तेवीस वर्षं होती. ती गेली तेव्हा म्हटलं, चला, आता निजेन. तर थोरल्याचं लग्न ठरलं. सून आली आणि तिला उठवायचं म्हणून मीच तिच्याआधी उठायला लागल्ये. ती उरलेलं खाते म्हणता, पण तिच्यामागून मी खात्ये हो. तेव्हा भांड्यात काय असतं?" पदराने त्यांनी तोंड पुसलं. पाणी पावसाचं होतं की डोळ्यांतलं ते मला कळलं नाही. "पोरीला पाठवू नका. दावा मागे घे म्हणून मुलाला कळवत्ये. बायको हवी असली तर मुंबईला ने म्हणावं. घरात तीन बाप्ये आहेत, त्यांच्या हाताला काय मेंदी लावली आहे? नारळ सोलतात तर भात शिजवायला काय झालं!"

मी ज्या बाईला शिव्या देणार होतो तिच्यासाठी आत जाऊन चहा केला. लाज वाटली, दुसरं काय.

चहा पिऊन झाला तरी त्या उठेनात. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला एक कागद द्या ना. यमूला दिलात तसा. मराठीत नको हो, मराठी आमच्यात सगळ्यांना कळतं."

"मला बंदी आहे, काकू," डॉक्टर म्हणाले. "माझ्या हाताने लिहायचं नाही. कोर्टाची ताकीद आहे."

त्या माझ्याकडे बघायला लागल्या. डॉक्टरही माझ्याकडे बघायला लागले, मग खिडकीबाहेर, जसं काही त्यांना ऐकूच येत नव्हतं. कंपाउंडरला कोर्टाने काही सांगितलं नव्हतं! मी दौत पुढे ओढली.

"काय झालंय लिहू?"

"घराचं झालंय," काकू म्हणाल्या.

"ऑइकॉस," डॉक्टर खिडकीला म्हणाले. "कंपाउंडर, ग्रीकमध्ये घराला ऑइकॉस म्हणतात. मी आपलं सहज बोललो."

मी लिहिलं, 'ऑइकायटिस'. खाली लिहिलं, पूर्ण विश्रांती. आणि विचारलं, "काकू, किती दिवस लिहू?"

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. पुन्हा मोजलं. मग घाबरत घाबरत, खूप मागतेय असं वाटून, म्हणाल्या, "एक दुपार लिहा. एक दुपार निजू देतील ना हो?"

माझ्याने वर बघवेना. मी तीन महिने लिहिले.